वरचे सात करकोचे

संगप्पा कापडवाल्यांसमोर 'लई' हा शब्द काढायची सोय नव्हती. भालकीच्या पोस्टात बदली होऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी मी ही चूक केली. आप्पा खिडकीशी उभे होते. कपाळाला भस्म, डोक्याला रुमाल, काखेत लाल फडक्यात बांधलेली वही. नव्या गावात ओळख व्हावी म्हणून मी आपला म्हणालो, "काय आप्पा, नदीवर पाखरं लई उतरतात म्हणे?"

"लई म्हंजे किती?"

"म्हणजे... पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजे किती? बाबू, मोजून सांगावं. न्हाईतर गप बसावं."

असा राग आला म्हणता! खिडकीच्या आत मी, सरकारी शिक्का माझ्या हातात, आणि बोलणी खायची तीही मीच.

दिवाळी सरली की त्या भागात उत्तरेकडून करकोचे यायचे. राखी अंगाचे, उंच पायांचे, गळ्याखाली काळी दाढी सोडलेले. सकाळी हरभऱ्याच्या रानात चरायचे आणि ऊन चढलं की मांजरा नदीच्या वाळूवर पाण्याला उतरायचे. त्या वेळी संगप्पा दुकानाच्या फळ्या लावून नदीवर हजर. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळलं. करकोचे मोजायचे आणि वहीत लिहायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"पण कशासाठी, आप्पा?"

"ते एवढ्या लांबून यायलेत, आन् किती आले ते बी आपण बघायचं न्हाई?"

अर्धा तालुका त्यांनी या कामाला जुंपला होता. लुगडं घ्यायला आलेल्या बाईला आधी विचारायचे, "अक्का, तुमच्या रानात किती उतरले?" आकडा सांगितल्याशिवाय ठाण उलगडत नसे. बीदरच्या मोटारीचा कंडक्टर दुकानासमोरून जाताना दारातून ओरडायचा, "आप्पा, ओढ्यापाशी चाळीस!"

गोफण घेऊन करकोचे हाकलणाऱ्या शेतकऱ्यांना ते अडवत नसत. तुकाराम नावाचा एक तापट गडी होता. त्याला म्हणाले, "हाण की. पण आधी मोज."

"रान माझं खायलेत आन् मी मोजत बसू?"

"व्हय. किती जणांनी खाल्लं ते कळाय नको?"

तुकाराम मोजायला लागला. तिशीपर्यंत आला की एखादा करकोचा जागा बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून. तोवर पाखरं पोट भरून उडून गेली. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊनच दुकानात आला. "आप्पा, त्रेपन्न. एक लंगडायलाय." त्या लंगड्याची चौकशी तो पुढं महिनाभर करत होता. गोफण कुठं गेली, देव जाणे.

आप्पांची मोजायची रीत मात्र अस्सल कापडवाल्याची. कोडीनं मोजायचे. वीस नगांची एक कोडी. वर जे सुटे उरतील ते कटपीस, ते मोजणीत धरायचे नाहीत! नदीवर एकशे सत्तावीस करकोचे असले तर वहीत सहा कोडी, म्हणजे एकशे वीस. वरचे सात गेले वाऱ्यावर.

या सातांसाठी भांडणारा एकच माणूस गावात होता, उर्दू शाळेतले गौस मास्तर. दोघे एकाच खडकावर बसून मोजत. वहीत डावा रकाना आप्पांचा, उजवा मास्तरांचा. "अरे संगप्पा, वो सात क्या कव्वे हैं?" मास्तर विचारायचे. "कटपीस हाय ते, मास्तर." यावरून आठ-आठ दिवस अबोला, आणि अबोल्यातही शेजारी बसून मोजणी.

हे मी लोकांकडून ऐकलं, कारण मी आलो तेव्हा मास्तर गावात नव्हते. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या गडबडीत, घाबरलेल्या बायकोमुलांना घेऊन ते कराचीला गेले. पोचल्याचं पत्र टाकतो म्हणाले होते. त्याला चार वर्षं झाली होती. आप्पा रोज टपाल फुटायच्या वेळी माझ्या खिडकीशी का येतात, ते मला तेव्हा कळलं.

"काय हाय का, बाबू?"

"नाही, आप्पा."

"बरं."

बस, एवढंच. आणि दुकानाकडं चालू लागायचे.

पुढं त्यांनी मलाच धरलं. "एकट्याची मोजणी खरी न्हाई. चला." दोन हिवाळे मी त्या खडकावर बसलो. पायाला मुंग्या, धोतरात कुसळं, नाकातून पाणी. मी मोठ्यानं आकडा सांगायचा. आप्पा स्वतःचा आकडा ओठातल्या ओठात पुटपुटून लिहायचे. आणि माझा आकडा कुठं? वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं! उजवा रकाना कोरा.

एक दिवस माझं डोकं फिरलं. "माझे डोळे काय फुटलेत, आप्पा? रकान्यात का लिहीत नाही?"

"ती जागा मास्तरची हाय."

"मास्तर काय आता मोजायला येणार आहेत?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. आप्पांनी वही बांधली आणि निघून गेले. दोन दिवस खिडकीशी आले नाहीत. त्या दोन दिवसांत मी मान वर करून करून किती वेळा बाहेर बघितलं, ते मोजायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी टपालात एक पाकीट निघालं. तिकीट पाकिस्तानचं, पत्ता उर्दूत: संगप्पा कापडवाले, भालकी. शिक्का तसाच टाकून मी दुकानाकडं पळालो. आप्पा गजानं खण मोजत होते. पाकीट बघितलं आणि हात जागीच थांबला. त्यांना कन्नड यायचं, मोडी यायची; उर्दू मात्र वाचता येत नसे. माझी सगळी शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली.

"जिवंत हाय?" त्यांनी विचारलं.

"अहो, त्यांनीच लिहिलंय!"

"मंग वाचा."

मास्तर सिंधूकाठच्या एका गावात शाळेवर लागले होते. घर मिळेना, मुलं आजारी, आधी लिहिलेली दोन पत्रं बहुधा कुठंतरी हरवली. शेवटी लिहिलं होतं: "इधर नदी के किनारे आज सुबह करकोचे उतरे. दो सौ सात गिना. देख संगप्पा, वो सात को कटपीस नक्को बोल."

आप्पांनी वही माझ्यापुढं सरकवली. "लिवा. उजव्या रकान्यात. शाईनं."

वही पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती. मी पानं उलटली. मास्तर असतानाचे आप्पांचे आकडे: शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. आणि मास्तर गेल्यानंतरचे: एकशे तेहतीस, एकशे अठरा, एकशे सेहेचाळीस.

"आप्पा, तुम्ही सुटे कधीपासून मोजायला लागलात?"

"मास्तर गेल्यापसून," आप्पा खणाची घडी घालत म्हणाले. "वरचे मग कोन मोजनार?"

मी दौत पुढं ओढली. दोनशे सात लिहिलं. आप्पांनी वाकून शाईवर फुंकर घातली.

"आप्पा, मास्तरांची आठवण येत असेल ना?"

त्यांनी गज उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"लई," म्हणाले.

किती, ते मी विचारलं नाही.