नेत्राच्या मताचा पंचनामा

बालक ही स्वतंत्र व्यक्ती असून शाळेत तिचे मत घेण्यात यावे, असे परिपत्रक आले आणि बोर्लीच्या अलीकडच्या एका गावात काळूराम गुरुजींनी त्याच दुपारी सर्व मुलांचे मत फळ्यावर लिहून दिले. 'आम्हाला आमची शाळा आवडते. आमची काही अडचण नाही.' बत्तीस मुलांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. तेहतिसावी नेत्रा.

चौथीतल्या नेत्राला अडचण होती. शाळेला मैदान एकच, आणि दिवाळीपासून त्यावर सरपंच कोकिळाताईंची सुपारी वाळत पडलेली. गावची रीतच ती. शाळेइतके ऊन दुसरीकडे कुठे पडत नाही. तीन महिने पोरे मधल्या सुट्टीत व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसत होती. नेत्राने लिहिले, 'सुट्टीत सुपारी उचला. आम्हाला लंगडी खेळायची हाय.'

गुरुजींना घाम फुटला. मुलाचे मत खरोखरच आले तर काय करावे, याची परिपत्रकात तरतूद नव्हती.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाय. माझंच हाय."

"तुझंच कशावरून?"

प्रकरण तालुक्याला गेले. मत स्वतंत्र असल्याचे तीन दाखले जोडण्याचा आदेश आला. बापाने, म्हणजे ट्रकवाल्या दिपेशने, संमतीपत्रावर सही केली. 'या मुलीस आम्ही काहीही शिकवलेले नाही,' असे शाळेने लेखी दिले. कोकिळाताईंनी ना हरकत पत्र दिले : 'नेत्रास मत असण्यास आमची हरकत नाही. मात्र तिने ते मैदानाबाहेर ठेवावे.'

मग विस्तार अधिकारी जातीने आले आणि मताचा आदर करण्यात आला. नेत्राचा कागद चौकटीत बसवून कार्यालयात टांगला, त्याला झेंडूचा हार घातला. हार पाहून नेत्राला वाटले, आपले मत वारले. मैदानाच्या मधोमध 'बालमताचा आदर करा' असा भला मोठा फलक उभारला. फलकाने अडवलेल्या जागेची सुपारी व्हरांड्यात सरकवली, त्यामुळे आता सुट्टीत वर्गातच बसणे आले.

"सायेब, मग लंगडी?" नेत्राने विचारले.

साहेब तिच्या उंचीला यावे म्हणून गुडघ्यांवर बसले. "बाळ, लंगडी हा तुझा हक्क आहे. तो कोणीही काढून घेणार नाही. फक्त खेळू नकोस."

या निर्णयाला मंजुरी हवी म्हणून पालकसभा भरली. "सर्वांना मान्य असेल तर हात वर करा," साहेब म्हणाले. चाळीस हात वर झाले. त्यांत दिपेशचाही होता. नेत्राच्या डोळ्यांत पाणी आले.

घरी जाताना तिने विचारले, "बाबा, तुमचं मत काय व्हतं?"

दिपेश थांबला. प्रश्न त्याला नवा होता. "हात वर करा म्हनले, केला. त्यात मत कुठनं आलं?"

नेत्राला बापाचा राग आला होता. आता त्याची कीव आली. तिने त्याचा हात धरला आणि त्याला नीट घरी नेले.

तुम्ही हसा, हरकत नाही. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही कशासाठी हात वर केला होता, तेवढे आठवते का पाहा.