दसऱ्याची सर्व्हिसिंग

आपल्याइतकी सायकलीची निगा अख्ख्या ब्राह्मणपुरीत कुणी राखत नाही, असं कुंदन छातीठोकपणे सांगायचा. आणि का सांगू नये? दर दसऱ्याला तो सायकलीला बादलीभर पाण्याने न्हाऊ घालायचा, हळद-कुंकू वाहायचा, हँडलला झेंडूचा हार घालायचा आणि नारळ फोडून त्याचं पाणी सीटवरून सोडायचा. याला तो सर्व्हिसिंग म्हणायचा.

यंदा त्याच्या बायकोला, आशाला, शेजारच्या गावात शिवण शिकवायचं काम मिळालं. तिच्या हक्काचं पहिलंवहिलं काम! सोमवारी हजर व्हायचं होतं आणि त्या वेळेला एसटी नव्हती. मोटारसायकल कुंदनला कामावर जायला लागायची. उरली सायकल, पण कुंदन ताडमाड आणि आशा जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. सीट खाली घेणं भाग होतं.

"दोन मिनिटनं काम शे," रविवारी सकाळी कुंदन म्हणाला आणि पाना घेऊन बसला.

दुपारपर्यंत बोल्टाचं डोकं झिजून गोल झालं. बोल्ट कसाबसा तोडला, तरी सीटचा दांडा नळीत चिकटून बसलेला. शेजारचे झिपरूनाना ट्रॅक्टरचं डिझेल घेऊन आले. ते ओतून झालं, हातोडीने ठोकून झालं. शेवटी सायकल निंबाला बांधून दोघांनी सीट धरून ओढली. दांडा काही हलला नाही. सीट मात्र उपटून हातात आली आणि दोघे मागे वाळत घातलेल्या लाल मिरच्यांत उताणे पडले.

मग काय विचारता! डोळ्यांना नुसत्या धारा. तेवढ्यात समोरच्या घरातल्या धनुबाई आल्या. कुंदन सीट छातीशी धरून रडतोय, नाना उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देतायत, हे पाहून त्यांनी दारातच बसकण मारली आणि गळा काढला. गल्ली जमली. कोण गेलं, हे विचारायची कुणाची छाती होईना.

आशा पाण्याची कळशी घेऊन धावत आली, तेव्हा कुठे उलगडा झाला. सगळे हसले, तीही हसली. मग सायकलीकडे बघून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी पायपाय जासू."

हे कुंदनला मिरचीपेक्षा झोंबलं. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि वेल्डिंगवाल्याचं दुकान गाठलं. मागोमाग गल्लीही गेली. दांडा वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून चौघांनी सायकलच गरागरा फिरवली. करकरत दांडा सुटला. सायकल उलटी करताच नळीतून लाल पाणी गळलं.

"देख, पूजानं कुंकू," कुंदन हात जोडून म्हणाला.

आशाने बोट लावून पाहिलं. "हाई कुंकू नही. गंज शे."

कुंदनने नळी पुसली, दांड्याला ग्रीस चोपडलं, चेनला तेल दिलं. नव्या बोल्टाने सीट आशाच्या मापाला बसली.

सोमवारी ती ऐटीत निघाली. कुंदननेही कामावर जायला मोटारसायकल काढली. तिच्या हँडलला अजून दसऱ्याचा वाळका हार होता. सेल्फ लागेना, म्हणून त्याने किक मारली. किक खाली गेली, ती वर आलीच नाही.

फाटकापाशी सायकलची घंटी वाजली. आशा थांबली होती.

"बठा मांगे," ती म्हणाली.

सारी गल्ली बघत होती. कुंदन पाय वर घेऊन कॅरियरवर बसला.