ब्लुडेन्झला उतरल्यावर काय?

अन्याय झाला तो आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साळवी काका-काकूंवर. कधी, तेही सांगतो. यंदाच्या, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या गणेशोत्सवात, गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी. आरती संपली होती आणि प्रसाद वाटायचा होता, त्या मधल्या वेळात. कुठे? वाशीत, सोसायटीच्या मांडवात, माइकवर, दोनशे डोळ्यांसमोर. करणाऱ्यांची नावं छापायला मी तयार होतो, पण काकांनी छापू दिली नाहीत. तेव्हा निदान ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस कोण आहे ते तरी वाचा.

साळवी काका युरोपला जाणार होते. आगगाडीने पॅरिसहून व्हिएन्नाला, मध्ये एका लहान गावात मुक्काम करून. पासपोर्ट नव्हता, पैसे नव्हते, रजेचा अर्जही टाकलेला नव्हता. पण त्यातल्या कशावाचून त्यांचं अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते फक्त मधल्या गावावर.

काका पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तिथे मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. जाताना तो युरोपभरच्या गाड्यांचं जाडजूड टाइमटेबल मागे ठेवून गेला. रद्दीत जायच्या आधी काकांनी ते घरी आणलं. जर्मन त्यांना ओ की ठो येत नव्हतं. "आकडे वाचता येतात ना? बास," म्हणायचे. "काटा-चमचा काढलाय म्हणजे जेवण. पलंग काढलाय म्हणजे झोप. माणसाला अजून काय लागतं?"

मी तेव्हा 'रेल्वे आणा युवक समिती'त होतो. अजूनही आहे, कारण रेल्वे अजून आलेली नाही. खाडीवरून गाडी येणार, येणार म्हणून लोकांनी इथे फ्लॅट घेतले आणि बसच्या रांगेत म्हातारे व्हायला लागले. आणि हा गृहस्थ ऑस्ट्रियातल्या गाड्या बघत बसलेला! मागणीपत्रावर सही घ्यायला गेलो ते डोकं तापवूनच.

"गाडी सानपाड्याला थांबणार?" काकांनी पहिला प्रश्न विचारला.

"काका, सानपाड्याला आहे कोण? चिखल आणि बगळे."

"उतरल्याशिवाय कळणार कसं? लोक नुसते जायचं बोलतात. उतरल्यावर काय, ते कोणीच बोलत नाही."

'उतरल्यावर काय?' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कुणाची मुलगी दुबईला दिली, काका विचारणार, "उतरल्यावर काय?" सेक्रेटरीने लिफ्टचा ठराव मांडला, तर तिथेही तेच. शेवटी मागणीपत्रात 'सर्व स्थानकांवर थांबणारी' हे शब्द मी माझ्या हाताने घातले, तेव्हा सही मिळाली.

सही करून पेन परत देताना ते हळूच म्हणाले, "पॅरिसला हिची ना नाही. पण मधे कुठे उतरायचं ते हीच ठरवणार. ती हो म्हणाली की निघालो."

'ही' म्हणजे काकू. देवरुखजवळच्या खेड्यातल्या. वाशीला आल्यापासून त्या जिना उतरलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायची. लोक म्हणायचे गुडघे. गुडघे ठणठणीत होते. गच्चीत पापड वाळवायला त्या दोन-दोन खेपा करायच्या.

रोज संध्याकाळी चहा झाला की काका पुस्तक उघडायचे आणि एकेक गाव काकूंपुढे ठेवायचे, मुलीला स्थळं सांगावीत तसं. काकू तांदूळ निवडता निवडता मोडता घालायच्या.

"फेल्डकिर्ख. किल्ला आहे म्हणतात."

"किल्ला म्हणजे चढ आला. पुढचं सांगा."

"हे तळ्याकाठी आहे."

"ओल असणार. पापड सादळतील."

"अगं, युरोपात पापड कशाला नेतेयस?"

"रिकाम्या हाताने कुणाच्या गावी जातात का?"

एके दिवशी ब्लुडेन्झ निघालं. डोंगरातलं लहानसं गाव. गाडी दिवसाउजेडी पोचते, शेजारी काटा-चमचा, पलंगही. काकूंना नाव ठेवायला काही सापडेना. "बघू," म्हणाल्या. इतक्या दिवसांत 'बघू' पहिल्यांदाच! काका त्या आनंदात खाली येऊन वॉचमनला पेढा देऊन गेले.

पण ब्लुडेन्झला गाडी दोनच मिनिटं थांबते. दोन मिनिटांत ट्रंक, वळकटी, पापडाचा डबा आणि काकू एवढं सगळं उतरायचं कसं? सराव करायला हवा. आणि सरावासाठी काकू जिना उतरल्या! गॅलऱ्या भरल्या. रविवारी सकाळी वाशीच्या स्टँडवर उरणची एसटी धरायची आणि सानपाडा फाट्याला दोन मिनिटांत उतरायचं, असा कार्यक्रम. मी वळकटी उचलायला म्हणून गेलो, ते खरं म्हणजे बघायला.

"ओ काका, घर शिफ्ट करताय काय?" कंडक्टर ओरडला.

"नाही, ब्लुडेन्झ आलं."

"सानपाडा आलाय! उतरा ना लवकर, मागे लाइन लागलीय."

"ओरडू नका. दोन मिनिटं आमच्या हक्काची आहेत."

ट्रंक उतरली, डबा उतरला, काकू उतरल्या. वळकटी आणि मी गाडीतच राहिलो, पुढच्या स्टॉपवरून चालत आलो. येऊन पाहतो तर काका-काकू फाट्यावर ट्रंकेवर बसलेले. काकू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होत्या, कुणाची तरी वाट बघावी तशा. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मग परतीची गाडी आली.

असे बरेच रविवार गेले. वळकटीचं जमलं. काकू खुलल्या. गौरीविसर्जनाला तर नवं लुगडं नेसून मांडवात येऊन बसल्या.

आणि तिथे तो प्रकार झाला. सोसायटीतल्या तरुण कलावंतांनी प्रहसन केलं: 'साळवी निघाले युरोपला'. एकाने पोटाला उशी बांधून काकू केली होती. डोक्यावर ट्रंकेऐवजी गॅसचा सिलिंडर. 'उतरा, उतरा' म्हणत ती उशी स्टेजवर लोळली. मांडव हसून आडवा. काका आधी हसले, मग उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "गाडी डाव्या बाजूला लागते. तुम्ही उजवीकडे उतरवलंत." त्यावर तर शिट्ट्याच पडल्या.

काकूंनी हातातली निरांजनं शेजारणीकडे दिली आणि वर गेल्या. दार बंद. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टोपली.

मी रातोरात निषेधपत्रक लिहिलं. 'ज्येष्ठांच्या विटंबनेचा जाहीर धिक्कार' असं ठळक शीर्षक. सकाळी वाचून दाखवायला गेलो. काकांनी अर्धंच ऐकलं.

"नको छापू. पोरं आहेत. उशी चांगली बांधली होती."

"काका, तुम्ही गप्प बसता म्हणून हे माजतात!"

"ब्लुडेन्झ रद्द झालं," ते म्हणाले. पुस्तक बंद होतं, त्यावर चहाची बशी ठेवलेली. आमच्या घरात एखादा देव पालथा घातल्यासारखं मला वाटलं.

आतून काकू बोलल्या. त्या माझ्याशी थेट अशा पहिल्यांदाच बोलत होत्या.

"सिलिंडरचं काही नाही रे. आमच्या गावी एसटीतून उतरलं ना, की स्टँडवरचा चहावाला विचारतो, 'कुणाकडे आलात?' मग पारावरचे विचारतात. ओळखीचे असले तरी विचारतात. घरी पोचेपर्यंत दमायला होतं सांगून सांगून. इथे आलो तेव्हा टेम्पोतून सामान उतरवून खाली उभे होतो. सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. कुणी विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

"काय उत्तर?"

"'आमच्याच घरी आलो.' दुसरं काय?"

काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मोठ्या गावात कोण विचारतंय? म्हणून लहान बघत होतो."

मी पत्रक फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पत्रक फाडलं. मग दोन तास काकूंशी हुज्जत घातली. शेवटी म्हणाल्या, "सानपाड्याला एकदाच येईन. गौरी-गणपती झाले, आता दसऱ्याआधीच्या रविवारी. नाही कुणी विचारलं, तर मग मला पुन्हा बोलावू नका."

काका लगेच वळकटीच्या दोऱ्या तपासायला लागले.

तर वाचकहो, रेल्वेची मागणी सरकारकडे आहे, ही तुमच्याकडे. दसऱ्याआधीच्या रविवारी, सकाळची उरण एसटी, सानपाडा फाटा. ट्रंक, वळकटी आणि पापडाचा डबा घेऊन एक जोडपं उतरेल. हार आणू नका, घोषणा देऊ नका, हसू आलं तर तोंडावर रुमाल धरा. फक्त पुढे व्हा आणि विचारा, "कुणाकडे आलात?" आणि विचारून निघून जाऊ नका. उत्तर ऐकायला थांबा.