पोपटी दार

"आई, ओरडायचं नाही हं. आधी डोळे मिट," आश्लेषा म्हणाली, आणि सुहासिनीने नाइलाजाने डोळे मिटले.

अमेरिकेतल्या त्यांच्या घराच्या गराजात जुनी गाडी उभी होती. दारांच्या आतलं कापड सुटून भाकरीच्या पापुद्र्यासारखं लोंबायचं. आश्लेषाला लायसन्स मिळालं तेव्हा बाबांनी अट घातली होती, "आतून नीट कर, मग किल्ली तुझी." मग काय! पोरीने स्वयंपाकघरातल्या उलथण्याने पुढच्या दोन्ही दारांची पॅनेलं उचकटली, जुनं कापड फाडून काढलं, गोंद फवारला आणि नवं कापड ताणून बसवलं. कापड अर्थातच आईच्या कपाटातलं.

सुहासिनीने डोळे उघडले. नजर ड्रायव्हरशेजारच्या उजव्या दारावर थिजली. पोपटी रंग, त्यावर जांभळे मोर.

"अगं, हा ब्लाउजपीस रत्नाकाकूंनी दिलाय! ओटीत!"

"सो? तू तर तो उघडलापण नव्हतास."

"उघडत नसतात! घडी मोडली की पुढं कुणाला देणार?"

"म्हणजे गिफ्ट नुसतं पास करत राहायचं? दॅट्स सो वीअर्ड!"

"काढ तो आधी!"

"निघणार नाही. परमनंट ग्लू आहे," आश्लेषा अभिमानाने म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नाकाकूच! त्यांची व्हॅन दुरुस्तीला गेली होती. "आज विनीताकडे हळदीकुंकवाला जाताना मला घ्याल का?" त्या म्हणाल्या. बाबा दुसरी गाडी घेऊन बाहेर गेलेले. नाही म्हणायला सुहासिनीला एक कारण सुचेल तर शपथ.

"त्यांनी ते दार पाहिलं ना, तर ईडन प्रेरीतल्या एकाही मराठी घरात मला तोंड दाखवायला जागा नाही," ती म्हणाली. "आणि तू किल्ली विसर!"

आता मात्र आश्लेषाही ते मोर झाकायला काहीतरी शोधू लागली.

आश्लेषा गाडी चालवायला बसली. सुहासिनी तिच्या शेजारी पुढे बसली आणि तिने आपला जाड कोट दारावर पसरला. "काकू, तुम्ही मागं ऐसपैस बसा हं!"

पहिल्याच सिग्नलला मागून क्षीण आवाज आला. "मागं मला गाडी लागते गं. पुढं येऊ का?"

जागा बदलल्या. "हा तुझा कोट घे, केवढी थंडी आहे!" म्हणत काकूंनी कोट उचलला. आणि पोपटी मोर लख्ख उघडे पडले.

काकू गप्प. झोपेतही बोलणाऱ्या काकू! आश्लेषाने घाबरत तिरक्या नजरेने पाहिलं, तर काकू स्वतःचीच शाल हळूहळू दारावर ओढत होत्या. आरशात आईचा चेहरा कुंकू सोडलं तर पांढराफटक.

विनीताच्या दारात गाडी थांबताच सुहासिनी जवळजवळ पळालीच. काकूंनी आश्लेषाची बाही धरली.

"खरं सांग. आईनं मला दाखवायलाच लावलाय ना तो?"

"काय?"

"अगं, हा पीस आधी तिनंच मला दिला होता! मी विसरून तिलाच परत दिला. घरी आल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून तिच्यासमोर यायची धास्ती वाटते बघ."

आश्लेषाने असा सुस्कारा सोडला की काच धुरकटली. "काकू, डोन्ट वरी. आईशी मी बोलते."

"बोल बाई. आणि... काम मात्र सुरेख केलंयस. माझ्या व्हॅनची दारंही करशील?"

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सुहासिनीने गाडीची किल्ली आश्लेषाच्या हातावर ठेवली, कपाट उघडलं आणि वर्षानुवर्षं साठलेल्या ब्लाउजपिसांच्या ढिगाकडे पाहत राहिली.

"काकूंना म्हणावं, कापड आमच्याकडूनच," ती म्हणाली. "आणि काय गं, तो ग्लू नक्की परमनंटच आहे ना?"