न शिकवलेल्याची उजळणी

प्रत्येक माणसाला एक जागा असते, आणि माणूस जागेवर नसला तरी जागा त्याचीच राहते. या तत्त्वावर देवस्थाने, संस्थाने आणि हायस्कुले चालत आलेली आहेत. देव चातुर्मासात निजतात, म्हणून कुणी दुसरा देव नेमीत नाही. पुजारी घंटा वाजवीत राहतो. आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलात, गणितापुरता, तो घंटा वाजवणारा मी.

गणिताचे कायम शिक्षक रा. रा. आठल्ये. त्यांच्याइतका कायम माणूस मी पाहिलेला नाही. सन सत्तावीसच्या वैशाखात ते दातांची कवळी बसवून घ्यायला बोटीने मुंबईस गेले (कवळी वरची की खालची, याबद्दल शिक्षकांत दोन पक्ष आहेत). पाठोपाठ पावसाळा लागून बोटी बंद झाल्या. बोटी सुरू झाल्या तेव्हा कवळी हलत होती. कवळी बसली तेव्हा मेहुणीचे लग्न निघाले. लग्न लागल्यावर नव्या साडूने त्यांना विमा कंपनीत चिकटवून दिले. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्यांनी राजीनामा दिला नाही, यावरून त्यांची शाळेवरची निष्ठा दिसते. दरसाल ते रजा वाढवून मागतात आणि शाळेची कमिटी ती एकमताने देते. न दिली तर जागा रिकामी होईल, आणि चेअरमन धर्माजीशेठ यांना जावई तीन आहेत.

मी मराठी शाळेतून पेन्शन घेऊन घरी माडांना पाणी घालीत होतो. हेडमास्तर गणपुले आले आणि म्हणाले, "मास्तर, आठ दिवसांचा प्रश्न आहे." त्या आठ दिवसांना परवा पाच वर्षे झाली. मुले मला आपापसांत 'क्ष मास्तर' म्हणतात, कारण समीकरणात ज्याची किंमत कुणाला ठाऊक नसते तो क्ष. नाव ठेवणाऱ्या मुलाला मी बीजगणितात पैकीच्या पैकी गुण दिले.

बदली शिक्षकासंबंधी आमच्या शाळेचा नियम सुटसुटीत आहे: बदली शिक्षकाने नवा धडा सुरू करू नये, झालेल्या धड्यांची उजळणी घ्यावी. नियमात शहाणपण आहे. पाहुण्याने ताटातले लोणचे खावे. नवी बरणी फोडू नये.

"पण झालेले धडे संपले," मी पहिल्या दिवाळीला गणपुल्यांना म्हणालो.

"मग पुन्हा घ्या. अहो, नवा धडा सुरू कराल आणि उद्या हक्क सांगाल."

"कशावर?"

"धड्यावर!"

मी वर्गात जाऊन पहिला धडा पुन्हा काढला.

खरे म्हणजे मी गप्पच बसलो असतो. पण वर्गात चंदर होता. खाडीपलीकडच्या मिठागरावरच्या भागुबाईचा हा मुलगा. मॅट्रिक झाला तर मिठाच्या नाक्यावर कारकून, न झाला तर बापामागे मिठात, असा त्याचा हिशेब सरळ होता. भागुबाई मचव्यातून उतरून शाळेच्या पायरीशी येई आणि विचारी, "मास्तर, माजा चंदर पास होल ना? त्याचे बापाचे पाय पार फुटलेन वो मिठानं." मी म्हणे, "होईल." आणि वर्गात जाऊन पाहिले, तर आठल्ये वर्गसमीकरणांच्या उंबरठ्यावर थांबून कवळीला गेलेले.

मग मी नियमाचा बारकाईने अभ्यास केला. आठल्ये जाण्यापूर्वी फळ्यावर 'वर्गसमीकरणे' असा मथळा लिहून त्याखाली रेघ मारून गेले होते. मथळा लिहिला म्हणजे धडा सुरू झाला. सुरू झालेला धडा कायम शिक्षकाने अर्धवट टाकला असे म्हणणे म्हणजे त्याची बेअदबी. तस्मात धडा झालेला होता. झालेल्याची उजळणी मला घेता येत होती. भूमितीचे जरा अवघड गेले. पण आठल्यांनी एकदा पाने मोजण्यासाठी ते पुस्तक वर्गासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले होते, असे मोरू नावाच्या मुलाने शपथेवर सांगितले. म्हणजे भूमितीही झालेली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक नवा सिद्धांत "आठवतंय ना रे?" असे म्हणून सुरू करतो. मुले एका सुरात "आठवतंय!" म्हणतात, आणि मग मी तो पहिल्यापासून, सावकाश, ज्याला आठवत नसेल त्याच्यासाठी चार-चारदा सांगतो. चंदरला सात-सातदा. न पाहिलेली गोष्ट आठवण्यात मुले इतकी तरबेज झाली, की इतिहासाचे मास्तर माझ्यावर जळू लागले.

गेल्या थंडीत इन्स्पेक्टरसाहेब आले. परिस्थिती स्पष्ट होती. मुलांना काही येत नाही असे आढळले, तर कुणालाही मॅट्रिकला बसता येणार नाही. येते असे आढळले आणि ते मी शिकवलेले निघाले, तर वर्ग अनधिकृत; तरीही बसता येणार नाही. गणपुले सकाळपासून टोपी काढत आणि घालत होते.

साहेबांनी नेमके चंदरला उठवले आणि एक वर्गसमीकरण दिले. चंदरने ते सोडवले. ताळासुद्धा करून दाखवला.

"शाब्बास! कुणी शिकवलं हे?"

"कोनीच न्हाय, साहेब."

"कोणीच नाही?"

"उजळनीत आला."

"अरे, उजळणी कशाची?"

"ह्याचीच, साहेब."

"पण त्याआधी?"

चंदरने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेरच्या माडाकडे पाहिले. "त्याच्या आदी आमाला आठवत व्हता," तो म्हणाला.

मागच्या बाकावरून मोरू पुटपुटला, "आता विसरू नको म्हंजे झाला."

साहेबांनी ताळा स्वतः पुन्हा तपासला. मग गणपुल्यांकडे वळून गहिवरून म्हणाले, "काय पाया घातलाय या आठल्यांनी! माणूस पाच वर्षं इथे नाही, आणि मुलं अजून विसरत नाहीत!" मुलांना मॅट्रिकला बसण्याची परवानगी मिळाली. मलाही शाबासकी मिळाली: कायम शिक्षकाच्या कार्यात कोणताही अडथळा न आणल्याबद्दल.

निकाल गेल्या महिन्यात लागला. आठल्ये वर्गात शिकवीत तेव्हा गणितात शेकडा तीस मुले पास होत. या खेपेस शेकडा ऐंशी झाली. कमिटीने शास्त्रीय विचार केला. आठल्ये मुंबईस, म्हणजे समुद्रमार्गे पंचवीस मैलांवर आहेत. म्हणजे शिक्षक एक मैल दूर गेला की निकाल शेकडा दोनने वर चढतो. हा हिशेब तपासायला माझ्याकडे आला होता. बरोबर आहे. आठल्यांनी कराचीची शाखा पत्करली, तर आमचा निकाल शेकडा हजाराच्या पुढे जाईल. इंग्रजीच्या मास्तरांना नागपूरला आणि संस्कृतच्या शास्त्रीबुवांना काशीस सक्तीच्या रजेवर धाडण्याचा ठराव झाला आहे. भूगोलाचे मास्तर चार मैलांवरच्या गावी जायला तयार होते, पण एवढ्या अंतराने प्रथम वर्ग मिळत नाही, असे त्यांना कळवण्यात आले. सभागृहात आठल्यांची तसबीर लागली. तिच्यात तोंड मिटलेले असल्यामुळे कवळीचा प्रश्न सुटला नाही.

चंदर पास झाला. भागुबाई त्याला घेऊन आली. पदरात कडव्या वालांची पुरचुंडी.

"मास्तर, हे त्या आठल्ये मास्तराला धाडा. त्यानं माजे पोराचं सोनं केलान."

"आये, अगो..." चंदरने तोंड उघडले. मी त्याच्याकडे पाहिले. सर्टिफिकीट अजून त्याच्या हाती यायचे होते. चंदरने पायरीवरच्या माझ्या वहाणा उचलून त्या नीट जोडून ठेवल्या.

"धाडतो," मी म्हणालो.

जाता जाता भागुबाई थांबली. तिला माझी दया आली असावी. "तुमी बी बरं हाव, मास्तर. वर्गान बसून तरी राहिलाव. न्हाय तर पोरांनी दंगा केला असता."

वाल मी बोटीने आठल्यांना पाठवले. पोचल्याचे कळले, चावता आले नाहीत, असेही कळले.

वाचकहो, आपण भागुबाईला हसलात. हसायला हरकत नाही. तिला मुलाच्या मास्तरांचे एक नाव पाठ होते, ते चुकीचे होते एवढेच. आता आपल्या मुलाला गणित कोण शिकवतो, त्याचे नाव सांगा पाहू.

मुलाला हाक मारून विचारणे चालणार नाही.