साळवेकाकांची नवी बॅच

मानवी देहाचं रहस्य आमच्या रावेतच्या सोसायटीत एकाच माणसाला उमगलं आहे, आणि तो माणूस लिफ्टमध्ये भेटतो. चौथ्या मजल्यापर्यंत साळवेकाका रोगप्रतिकारक पेशींवरचं व्याख्यान संपवतात. सातव्यावर राहणाऱ्यांना शंकासमाधानही मिळतं.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये काकांनी तीस वर्षं अप्रेंटिस पोरं घडवली. "पोरगं वाईट नसतं, राव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पहिल्या आठवड्यात त्याला कोण भेटलं, ते बघा."

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, सुमनकाकूंच्या आतड्याला सूज आली. डॉक्टर म्हणाले, रक्षण करणाऱ्या पेशीच आतड्यावर उलटल्यात. काकांनी विचारलं, "यांना ट्रेनिंग कुणी दिलं?"

डॉक्टर सज्जन. त्यांनी सांगितलं, कोवळ्या पेशींना आतड्याच्या अस्तराकडून, तिथल्या जंतूंकडून इशारे मिळतात. त्यावरून काही लढाऊ होतात, काही भांडण शमवणाऱ्या. इशारे चुकले की घोटाळा. नव्या पेशी मात्र सतत येतच असतात.

"म्हणजे नवी बॅच येतेय!" काकांना औषधांपेक्षा याचाच आधार वाटला.

पण काकू काही सांगायच्याच नाहीत. वजन उतरत होतं आणि विचारलं की म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय?" शेवटी काकांनी मशीनवर असतो तसा तीन रंगांचा दिवा ओट्याशेजारी बसवला, खाली तीन बटणं. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे दुखतंय. लाल म्हणजे सगळं काम बंद, चला दवाखान्यात.

पंधरा दिवस हिरवा. काका हवालदिल. "कोरं मशीनही एवढं खोटं बोलत नाही हो!"

परवा सकाळी त्यांनी मला हाताला धरून घरात ओढलं. पिवळा लागला होता.

"बघा! छत्तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं हिनं."

"आता अख्ख्या बिल्डिंगला दाखवा," काकू म्हणाल्या.

काका चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

डॉक्टरांना फोन झाला. "वेळेत कळवलंत," ते म्हणाले, "औषध बदलू, आटोक्यात येईल." मग काकांनी काकूंसाठी स्वतः मऊ भात टाकला आणि तो शिजेपर्यंत मला नव्या बॅचबद्दल सांगत बसले.

भात करपला. काकूंनी एक घास खाल्ला, हसू आवरलं आणि लाल बटण दाबलं.