शाझली सरांचा शुद्ध अर्क

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि वसंतातल्या नाबल गावाची कल्पना करा. कडू नारिंगाची झाडं फुललीत. घरोघरी तांब्याचं भांडं चुलीवर चढलंय. फुलांची वाफ नळीतून थंड होऊन बाटलीत टपकतेय. बाटली भरली की वर्षभराची कॉफी आणि मिठाई सुगंधी. आता डोळे उघडा, कारण शाझली सरांची फजिती बघायचीय.

सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. यंदा त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे लल्ला बेय्यांचं, तांब्याचं भांडं गळायला लागलं. सरांनी मिशीवर ताव देत सांगितलं, की आता हे काम विज्ञानावर सोपवा. वाऱ्यानं बहर झडून गेलेला. फुलं उरली होती जेमतेम किलोभर, आणि रविवारी धाकट्या मेव्हणीचं लग्न! मिठाईला बाटलीभर सुगंधी पाणी हवंच. लल्ला बेय्यांनी जड मनानं फुलं दिली आणि मधल्या सुट्टीत रिकामी बाटली घेऊन येते म्हणाल्या.

सरांनी वर्गासमोर मोठ्या चंबूत फुलं आणि पाणी उकळलं. वाफ थंड नळीत शिरली आणि थेंब थेंब होऊन, तेल आणि पाणी वेगळं करायच्या तोटीच्या नरसाळ्यात उतरली. सगळी शाळा नवरीसारखी घमघमली. हळूहळू नरसाळ्यात दोन थर दिसू लागले. खाली भरपूर पाणी, वर सोनेरी तेलाची केसाएवढी कड.

"तेल हलकं, म्हणून वर. पाणी जड, म्हणून खाली," सर म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या इन्साफनं हात वर केला. प्रश्न शेवटी, असं सरांनी खुणावलं. वीस वर्षं ते हा प्रयोग खायचं तेल आणि नळाचं पाणी घेऊन दाखवत आले होते, आणि वीस वर्षं खालचं पाणी बेसिनात जात आलं होतं. हाताला सवय! त्यांनी तोटी फिरवली. पाणी गेलं. इन्साफचा हात वरच राहिला.

सुट्टी झाली आणि लल्ला बेय्या दारात उभ्या राहिल्या. सरांनी मोठ्या ऐटीत परीक्षानळी पुढे केली. तळाशी चार थेंब होते.

"आणि पाणी कुठंय?"

"ते टाकून दिलं, सासूबाई. हा शुद्ध अर्क."

लल्ला बेय्यांनी आधी नळीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "जावईबापू, चारशे पाहुणे येणारेत. एकेकाला थेंबाचा वास देऊन परत पाठवू का?"

सर मटकन बसले. पाण्यासाठीच तर फुलं आणली होती! नाबलमध्ये जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही जे कळतं, ते वीस वर्षांच्या विज्ञानानं सरांच्या डोक्यातून धुऊन काढलं होतं.

"सर, आता विचारू?" इन्साफ म्हणाली. "बेसिनाची नळी महिनाभर फुटलेलीच आहे ना? खाली बादली ठेवलीय."

बादली घमघमत होती. पण सकाळच्या तासाचं खारट पाणी आणि वाळूही तिच्यातच होती. सरांनी मान खाली घातली.

"पण मीठ वाफेबरोबर वर जात नाही, असं सकाळी तुम्हीच सांगितलंत."

इन्साफनं बादलीतलं पाणी फडक्यातून गाळलं, दुसऱ्या स्वच्छ चंबूत भरलं आणि बर्नर पेटवला. वाफेच्या थंड नळीखाली तिनं थेट लल्ला बेय्यांची बाटली लावली. सर मदतीला उठताहेत असं दिसताच तिनं तोटीचं नरसाळं उचललं आणि सांभाळायला लल्ला बेय्यांच्या हातात दिलं.